धार काढणाऱ्याचा हात : कासदाहाच्या शोधाची गोष्ट

धार काढायला बसलेल्या माणसाच्या हाताला कास एका बाजूने गरम लागते. सड टणक झालेला असतो, हात लावताच गाय पाय झाडते, आणि पिळून बघावे तर दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि त्यात दह्यासारख्या गुठळ्या. आपल्याकडे या दुखण्याला 'दगडी' म्हणतात. कास दगडासारखी होते म्हणून दगडी. पुस्तकातले नाव कासदाह, आणि पशुवैद्यांच्या तोंडी मस्टायटिस. दुभत्या जनावरांच्या ज्या रोगांनी जगभरच्या शेतकऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले त्यांच्या यादीत हा अगदी वरच्या ओळीत आहे. दोनतीन गायींवर ज्याच्या घरचा आठवडी बाजार चालतो त्याची एका गायीची दोन सडे गेली, तर त्याच्या हिशोबात काय उरते हे वेगळे सांगायला नको.

रोगाच्या इतिहासात बहुधा एक जंतू सापडतो, मग एक औषध सापडते, आणि गोष्ट संपते. कासदाहाचा जंतू १८८७ सालीच सापडला होता. औषधही १९४० नंतर हाती आले. तरी गोष्ट संपली नाही. ती का संपली नाही, आणि जे थोडेफार यश मिळाले ते कुठून मिळाले, हे आम्हाला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आधी कासेच्या आत डोकावू या.

गायीची कास बाहेरून एक दिसते, पण आत चार स्वतंत्र ग्रंथी असतात. प्रत्येकीला आपला एक सड. एका भागातले दूध दुसऱ्यात जात नाही, म्हणूनच एक सड दुखत असताना शेजारचे तीन निरोगी दूध देऊ शकतात. प्रत्येक सडाच्या टोकाला जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची अरुंद नलिका असते. बाहेरच्या जगातून कासेत जायचा जवळजवळ एकमेव रस्ता हाच. एरवी तो स्नायूंच्या कड्याने आवळलेला असतो आणि आत मेणासारख्या केराटिनचा लेप असतो. धार काढली की मात्र हे दार लगेच मिटत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ ते किलकिले राहते. जंतूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. त्याला किलकिले दार म्हणजे वेसच उघडी! आत त्याच्यासाठी काय आहे? कोमट, साखर आणि प्रथिने असलेले दूध. प्रयोगशाळेत आम्ही जंतू वाढवायला जे पोषणद्रव्य मोठ्या खटपटीने तयार करतो ते इथे आयते मिळते.

जंतू माहीत नव्हते तेव्हा लोक आपापल्या परीने कारणे शोधत होते. इंग्लंडातले शेतकरी या दुखण्याला 'गार्गेट' म्हणत आणि थंडी, मार, ओली जमीन यांना दोष देत. आपल्याकडे दृष्ट लागली म्हणत, आणि आजही म्हणतात. उपाय म्हणजे शेक, लेप आणि चोळणे. एकोणिसाव्या शतकात माणसाचे कष्ट वाचावेत म्हणून सडात बारीक नळ्या खुपसून दूध आपोआप वाहू देण्याची साधने इंग्लंड-अमेरिकेत निघाली. दूध वाहिले खरे; पण एका गायीच्या सडातून काढलेली नळी न उकळता दुसरीच्या सडात घातली की काय होईल, हे आज आपल्याला कळते. तेव्हा कळणे शक्य नव्हते.

आल्फोरचा प्रयोग

पॅरिसजवळ आल्फोर येथे पशुवैद्यकाची जुनी शाळा आहे. तिथे एदमों नोकार शिकवत. पाश्चरच्या वर्तुळातले हे पशुवैद्य. १८८० नंतरचे दशक जंतुशास्त्राच्या सुगीचे होते. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला होता. दूधवाल्यांच्या गोठ्यांत एक कासदाह असा होता की तो एका गायीपासून दुसरीकडे सरकत जाई. नोकार आणि त्यांचे सहकारी मोलरो यांनी त्या दुधात सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंच्या माळा पाहिल्या, ते जंतू वेगळे वाढवले आणि निरोगी जनावराच्या सडातून आत सोडले. त्या जनावराला तोच रोग झाला. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या वार्षिकाच्या पहिल्याच खंडात, १८८७ साली, हे काम छापून आले. या जंतूला पुढे स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिई हे नाव पडले. 'अगॅलॅक्टिई' या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ दुधाचा अभाव. नाव ठेवणाऱ्याने शेतकऱ्याचे दुःखच त्यात नोंदवले असे म्हणायला हरकत नाही.

आम्हाला या कामात जंतूपेक्षा महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. रोग सरकतो कसा, याचे नोकार-मोलरो यांचे उत्तर होते, धार काढणाऱ्याच्या हातांनी. माणूस आजारी गायीची धार काढून उठतो आणि त्याच ओल्या हातांनी शेजारच्या गायीखाली बसतो. म्हणजे हात धुवा, आजारी गाय शेवटी पिळा, हे शहाणपण रोगाच्या जंतूबरोबरच जन्माला आले होते. मग ते रुजायला इतकी वर्षे का लागली?

एक कारण असे की दुसऱ्याच एका यशाने सगळ्यांचे लक्ष सडातून आत काहीतरी सोडण्याकडे वळवले. व्यायल्यानंतर गाय अचानक कोसळते, त्याला दुग्धज्वर म्हणतात. डेन्मार्कमधील कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट यांना वाटले की हे विष कासेत तयार होते. १८९७ मध्ये त्यांनी सडातून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण आत सोडले आणि मरणाऱ्या गायी उठून बसू लागल्या. चार वर्षांनी लक्षात आले की औषधाची गरजच नाही, नुसती हवा भरली तरी गाय उठते! विषाची कल्पना साफ चुकीची होती. खरे कारण रक्तातला कॅल्शियम घटणे हे होते, आणि ते १९२५ मध्ये एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडले. हवेने कास ताठली की दुधात जाणारा कॅल्शियम थांबतो, म्हणून गाय वाचत असे. चुकीच्या तर्काने लाखमोलाचा उपाय हाती लागल्याची उदाहरणे विज्ञानात आहेत, त्यात हे ठळक म्हणावे लागेल. मात्र अस्वच्छ पंपाने हवा भरलेल्या कित्येक गायी दुग्धज्वरातून उठल्या आणि कासदाहाने अंथरुणाला खिळल्या. दार तेच होते.

न दिसणारा रोग

दुसरे कारण जास्त खोल आहे. 'आजारी गाय शेवटी पिळा' म्हणायचे, पण आजारी कोण हे ठरवायचे कसे? सूज आणि गुठळ्या असलेली गाय कोणीही ओळखेल. परंतु सडात जंतू असूनही कास मऊ, गाय खाती-पिती आणि दूध पांढरेशुभ्र असे असेल तर?

याचा शोध कासेपेक्षा दुधाच्या बाटलीतून लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेच्या शहरांत दुधाची तपासणी सुरू झाली होती. दुधात शरीरातल्या पेशी सापडत, आणि त्यांत पांढऱ्या रक्तपेशी, म्हणजे जंतूंशी लढणारे शिपाई, पुष्कळ असत. १९०६ मध्ये जर्मनीत ट्रॉम्सडॉर्फ यांनी दूध बारीक टोकाच्या नळीत घालून वेगाने फिरवायला आणि तळाशी बसणाऱ्या पेशींचा थर मोजायला सुरुवात केली. १९१० मध्ये अमेरिकेतील प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी काचपट्टीवर ठरावीक आकारमानाचे दूध पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकातून पेशी सरळ मोजण्याची रीत दिली. हळूहळू चित्र स्पष्ट झाले. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात साधारणपणे एक लाखाच्या आत पेशी असतात. त्या दोन लाखांवर गेल्या तर आत जंतू असण्याची शक्यता बरीच वाढते, मग दूध दिसायला कितीही चांगले असो. आणि असे 'दिसायला चांगले' सड उघड सुजलेल्या सडांपेक्षा कितीतरी जास्त निघतात. यालाच सुप्त कासदाह म्हणतात. अशी गाय रोज थोडे कमी दूध देते. इतके थोडे की वैरणीला, हवामानाला किंवा तिच्या वयाला दोष देऊन माणूस मोकळा होतो. आणि रोज दोन वेळा ती शेजारणींना जंतू पुरवते.

सूक्ष्मदर्शक गोठ्यात नेता येत नाही. गोठ्यातली कसोटी १९५७ मध्ये आली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाल्म आणि नूरलॅंडर यांच्याकडून. चार वाट्यांची एक सपाट थाळी, चार सडांचे थोडे थोडे दूध, त्यात तेवढेच साबणी द्रावण, आणि थाळी गोल फिरवायची. निरोगी दूध पातळ राहते. पेशी जास्त असतील तर मिश्रण दाट होते, शेंबडासारखे ओढले जाते. कारण सोपे आहे. अपमार्जक पेशीचे आणि केंद्रकाचे पटल फोडतो, आतले डीएनएचे लांबच लांब धागे मोकळे होऊन एकमेकांत गुंततात. कांद्यातून किंवा केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग वर्गात करताना आपण भांडी घासायचा द्रवसाबण घालतो, तो ह्याच कामासाठी.

सोन्याची गोळी

आता औषधांकडे वळू. जंतू सापडल्यापासून सडात काय काय ओतले गेले याची यादी करायची तर पान पुरणार नाही. बोरिक आम्ल, निरनिराळे रंग, चांदीची संयुगे, १९३५ नंतर सल्फा औषधे. काहींनी जंतूंपेक्षा ग्रंथीलाच जास्त इजा केली.

मग १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेने द्युबो यांनी मातीतल्या एका जंतूपासून टायरोथ्रिसिन हे द्रव्य वेगळे केले. ग्रॅमिसिडिन हा त्याचाच एक घटक. स्ट्रेप्टोकॉकसचे जंतू ते झटपट मारी. पण रक्तात दिले तर रक्तपेशीच फोडत असे. म्हणजे माणसाला टोचायला निरुपयोगी. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि एका दूध कंपनीने तिथे फिरत्या चबुतऱ्यावर गायी पिळण्याचे प्रात्यक्षिक मांडले होते. प्रेक्षकांची झुंबड उडे. या कळपात कासदाह शिरला. रॉकफेलर संस्थेच्याच प्रिन्स्टन शाखेत पशुरोगांवर काम करणारे लिटल यांनी द्युबोंचे औषध कासेत सोडून पाहिले. कास ही रक्तापासून बरीचशी वेगळी असलेली पिशवीच, त्यामुळे विषारीपणाची अडचण तिथे कमी. अनेक गायी बऱ्या झाल्या आणि वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. प्रतिजैविकांच्या पहिल्या यशस्वी रुग्णांत दुभत्या गायी होत्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

लगोलग पेनिसिलिन आले. महायुद्ध संपता संपता ते गायींसाठी मिळू लागले आणि थोड्याच वर्षांत सडातून सोडायच्या मलमाच्या नळ्या घरोघरच्या गोठ्यांत पोचल्या. अगॅलॅक्टिई जंतू पेनिसिलिनपुढे टिकत नाही, आणि तो मुख्यतः कासेतच राहतो, त्यामुळे कळपच्या कळप त्यापासून मुक्त करता आले. आता हात धुण्याची कटकट कोण करणार? सूज दिसली की नळी पिळायची. आमच्या मते, हात धुण्याचे जुने शहाणपण मागे पडले ते ह्याच काळात.

पण रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा भाडेकरू आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. याच्या कित्येक जाती पेनिसिलिन तोडणारे विकर तयार करतात. शिवाय तो ग्रंथीच्या ऊतीत खोल घरटे करतो, भोवती वणाचे ऊतक तयार होते आणि औषध तिथवर पोचत नाही. नळी दिल्यावर सूज उतरते, महिन्याने परत येते. दुसरीकडे चीजच्या कारखान्यांतून तक्रारी येऊ लागल्या की विरजण लागत नाही. औषध दिलेल्या गायीचे दूध मिसळले गेले होते, आणि अत्यल्प पेनिसिलिनही विरजणाच्या जंतूंना मारायला पुरेसे होते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसांना असे दूध बाधते, हेही कळले.

हौद आणि नळ

इंग्लंडात रेडिंगजवळ शिनफील्ड येथे दुग्धसंशोधनाची राष्ट्रीय संस्था होती. तिथे फ्रॅंक डॉड, नीव्ह, किंगविल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात या प्रश्नाची मांडणीच बदलली. सूज आलेल्या गायी मोजणे त्यांनी पुरेसे मानले नाही. खऱ्याखुऱ्या शेतांवरच्या कळपांत, लक्षणे असोत वा नसोत, सडासडाचे नमुने ठरावीक काळाने तपासून नवा संसर्ग केव्हा झाला आणि तो किती काळ टिकला याची नोंद ठेवली.

त्यांचा विचार आम्ही हौदाच्या उदाहरणाने सांगतो. हौदात किती पाणी आहे हे दोन गोष्टींवर ठरते, नळातून किती येते आणि आलेले किती वेळ आत राहते. समजा शंभर गायींत दर महिन्याला पाच नवे संसर्ग होतात आणि प्रत्येक सरासरी आठ महिने टिकतो. पातळी स्थिरावली की कोणत्याही दिवशी ५ × ८ म्हणजे चाळीस गायी बाधित सापडतील. त्यांतल्या दोनचारच उघड सुजलेल्या. तेवढ्यांनाच औषध देऊन सरासरी काळ आठाचा सात महिने केला, तर चाळीसच्या जागी पस्तीस. एवढा खर्च करून एवढेच! पण नवे संसर्ग निम्मे केले आणि टिकण्याचा काळही निम्मा केला, तर २.५ × ४ म्हणजे दहा. आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, गणित मात्र खरे आहे. आठवीच्या वर्गात चलनाच्या प्रकरणाशी ते जोडता येईल.

नळ बंद कसा करायचा? शिनफील्डच्या मंडळींनी धार काढण्याच्या वेळच्या स्वच्छतेचे सगळे उपाय करून पाहिले. हातात रबरी मोजे, प्रत्येक गायीला कास पुसायला वेगळे फडके किंवा कागद, धार झाल्यावर प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवणे, आणि यंत्राचे पेले प्रत्येक गायीनंतर कढत पाण्याने निर्जंतुक करणे. नवे संसर्ग निम्म्याच्या आसपास घटले. मग त्यांनी खर्चिक भाग, म्हणजे पेले कढत पाण्याने धुणे, वगळला. परिणाम थोडासाच कमी झाला. बहुतेक काम सड बुडवण्याने होत होते. धार काढणाऱ्याच्या हाताने किंवा यंत्राने सडाच्या टोकाला जे जंतू लावून ठेवले, ते किलकिल्या दारातून आत जाण्याआधीच मारायचे. उपाय अगदी नवा नव्हता. अमेरिकेत मोक यांनी १९१६ मध्येच पाइन तेलात सड बुडवण्याची शिफारस केली होती. पण ती पडून राहिली, कारण न दिसणारे संसर्ग मोजल्याशिवाय तिचा गुण दिसत नव्हता.

यातून पाच कलमी योजना निघाली. प्रत्येक धारेनंतर सड बुडवा. उघड रोगावर वेळीच उपचार करून नोंद ठेवा. गाय आटवताना प्रत्येक सडात दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक सोडा. पुन्हा पुन्हा आजारी पडणारी गाय कळपातून काढा. दूध काढायचे यंत्र तपासत राहा. युरोप, अमेरिका, न्यूझीलंड अशा दुधाच्या देशांत तिच्या आवृत्त्या पसरल्या. दुधातल्या पेशींवर कायद्याची मर्यादा आली. १९९२ च्या युरोपीय निर्देशाने ती मिलिलिटरला चार लाख ठरवली. अंगावरून अंगावर जाणारे जंतू पुष्कळ हटले.

हटले म्हणजे कासदाह गेला, असे नाही. शेणात आणि पेंढ्यात राहणारे इ. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस यांचा वाटा वाढला. त्यांना हाताची गरजच नसते, ओली जमीन पुरते. आणि सरसकट आटवणीच्या प्रतिजैविकाचा हिशोब आता पुढे आला आहे. २०११ मध्ये इंग्लंडात कासदाहाचाच अभ्यास करताना, शेतावरच्या टाकीतल्या दुधात मेथिसिलिनला न जुमानणारा, तोवर अनोळखी जनुक असलेला स्टॅफिलोकॉकस सापडला, आणि शोध घेता तो माणसांतही निघाला. जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात निरोगी गायींना खबरदारी म्हणून सरसकट प्रतिजैविक देणे बंद झाले आहे. तपासून, संसर्ग असेल त्याच गायीला औषध आणि बाकीच्यांच्या सडात नुसते बिस्मथच्या क्षाराचे बूच, अशी पद्धत रूढ होत आहे.

दोन गायींचा गोठा

हे सारे झाले यंत्राने पिळल्या जाणाऱ्या मोठ्या कळपांचे. आपल्याकडे दूध येते ते बहुतांशी दोन, चार, सहा जनावरांच्या गोठ्यांतून, आणि हाताने काढलेले. एकेकाळी कमी दूध देणाऱ्या देशी गायी आणि म्हशी होत्या. म्हशीच्या सडाची नलिका लांब आणि घट्ट आवळलेली असते. तिची धार काढायला मनगटात जोर लागतो तो त्यामुळेच, आणि तिला कासदाह कमी होतो तोही काही अंशी त्यामुळेच. उरुळीकांचनच्या बाएफसारख्या संस्थांनी १९६७ नंतर संकरित गायी खेडोपाडी नेल्या, दुधाचा महापूर योजना १९७० मध्ये सुरू झाली, आणि २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या विदेशी व संकरित गायींची संख्या पाच कोटींवर गेली. दूध वाढले, घरात रोख पैसा आला. मोठी, लोंबती कास आणि सैल नलिका हीही त्यासोबत आली.

लहान गोठ्याच्या बाजूने काही गोष्टी आहेत. कळप लहान, म्हणजे संसर्ग पसरायला गायी कमी. वासरू पाजण्याची आपली जुनी रीत उपयोगी आहे. धार झाल्यावर वासरू राहिलेले दूध ओढून घेते आणि कासदाह कमी होतो असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. विरुद्ध बाजूलाही काही सवयी आहेत. अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबायची सवय सडाच्या आतल्या अस्तराला इजा करते. पूर्ण मुठीने काढलेली धार सुरक्षित. सड बुळबुळीत व्हावा म्हणून दुधाच्या फेसात बोटे बुडवणे म्हणजे नोकारने वर्णन केलेला रस्ता आपण होऊन खुला करणे. आणि पेंड-आंबोण धारेच्या वेळी खायला घालतात, त्यामुळे धार संपते तेव्हा पाटीही संपलेली असते आणि गाय खाली बसते, नेमकी दार किलकिले असताना, शेणावर. वैरणीची पेंढी धारेनंतर टाकली तर ती अर्धा-पाऊण तास उभी राहते. याला पैसा लागत नाही.

मात्र सर्वांत मोठी अडचण सवयीची नाही, असे आम्हाला वाटते. युरोपातल्या शेतकऱ्याच्या टाकीतल्या पेशी डेअरी मोजते आणि पैसे त्यावर ठरवते. त्यामुळे न दिसणारा रोग त्याला बिलात दिसतो. आपल्या गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात, आणि पन्नास घरांचे दूध एका कॅनमध्ये जाते. पेशींबद्दल शेतकऱ्याला कोणी काही सांगत नाही. उलट सुप्त कासदाहात दुधातली साखर घटते, मीठ वाढते, एसएनएफ उतरते. 'डिग्री लागत नाही' म्हटल्यावर संशय जातो तो पाणी घातल्याचा! सूज दिसेपर्यंत वाट बघायची आणि मग प्रतिजैविक टोचायचे, हाच मार्ग उरतो. औषध दिल्यावर ठरावीक दिवस दूध केंद्रावर घालायचे नसते, पण ज्याच्याकडे दोनच गायी आहेत त्याने त्या दिवसांचे काय करायचे? २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रमाण लहान आहे, पण त्यामागचा माणूस बेफिकीर नसून अडलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

अलीकडे तमिळनाडूतील पशुवैद्य प्रा. पुण्यमूर्ती यांनी घडवलेला आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पसरवलेला एक लेप बऱ्याच गोठ्यांत वापरला जातो. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा. दूध संघांचे अनुभव उत्साहाचे आहेत. आमचे म्हणणे एवढेच की इ. कोलायचे सौम्य कासदाह पुष्कळदा आपोआप बरे होतात, त्यामुळे लेप लावलेल्या आणि न लावलेल्या गायींची जंतुतपासणीसह तुलना भरपूर व्हायला हवी. बोरिक आम्लाचीही एकेकाळी स्तुतीच झाली होती. पण लेपाच्या निमित्ताने माणूस दिवसातून अनेकदा कास धुतो आणि चारही सडे पिळून बघतो, हा फायदा आजच पदरात पडतो.

न दिसणारा रोग पाहायची स्वस्त कसोटीही आता आहे. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी शाल्म यांच्या द्रावणाऐवजी धुण्याच्या पावडरीचे तीन टक्के द्रावण वापरून दाखवले. खेड्यातल्या शाळेत हा प्रयोग सहज होतो. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर विरघळवा. चार पांढऱ्या बशा घ्या आणि त्यांवर सडांची नावे लिहा. पहिल्या दोन धारा सोडून द्या, मग प्रत्येक सडाचे दोन चमचे दूध त्याच्या बशीत घ्या, तेवढेच द्रावण घाला आणि बशी मिनिटभर गोल फिरवा. बशी कलती करून मिश्रण पाण्यासारखे वाहते की लगद्यासारखे घसरते ते पाहा. पावडरीपावडरीत फरक असतो, म्हणून आधी निरोगी गायीच्या दुधावर करून बघा. पिशवीतले दूध चालणार नाही. ते अनेक गोठ्यांचे मिसळलेले असते. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या गायी वगळा, त्यांच्या दुधात पेशी एरवीच जास्त असतात. तपासलेले दूध बादलीत परत ओतू नका. वहीत गायीचे नाव, तारीख आणि चार रकाने आखा, आणि पंधरा दिवसांनी त्याच गायीखाली पुन्हा बसा. दोन्ही वेळा तोच सड दाट निघाला तर वही घेऊन पशुवैद्यांकडे जा, आणि तोवर त्या गायीची धार सर्वांत शेवटी काढा.